गुरुजींचं 'हं'

परवा मी भात जाळला. साधासुधा नव्हे, कामशेतहून आणलेला नवा इंद्रायणी. तो नुसता शिजत असला तरी शेजारीपाजारी कोणाकडे जेवायचा बेत आहे ते ओळखतात. जळला तर अख्ख्या इमारतीला कळतं. बायको खाली दुकानात जाताना दारातून म्हणाली होती, "कुकर लावलाय. दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कराल ना?" मी म्हणालो, "हं." हातात मोबाइल होता, मोबाइलवर क्रिकेट होतं आणि त्या घटकेला कोणीतरी बाद होण्याच्या बेतात होतं. शिट्ट्या झाल्या असणार. मी त्या ऐकल्याही असणार. पण ऐकणं निराळं आणि कानावर पडणं निराळं.

बायको परत आली, नाकाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली, कुकरचं झाकण काढून आत बघितलं आणि एकच शब्द बोलली.

"माघारी."

पातेलं घासायला मी घेतलं. तो शब्द आमच्या घरात उच्चारला गेला की पुढे बोलायचं नसतं. तो आम्हाला गुरुजींकडून मिळालेला आहे.

गुरुजी म्हणजे आमचे लोणावळ्यातले पहिले घरमालक. भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते एकटे, वर आम्ही तिघं: मी, बायको आणि आमची लेक जुई. गुरुजी मूळचे जवळच्याच औंढे गावचे. सगळी नोकरी मावळातल्या मराठी शाळांमधून केलेली. वर्गात त्यांची भाषा म्हणे पुस्तकासारखी असायची, पण शाळा सुटली की जीभही सुटायची आणि थेट औंढ्याला जायची.

खोली बघायला गेलो तेव्हा मी जरा जास्तच बोललो. आम्ही किती शांत, किती टापटिपीचे, पाणी किती जपून वापरतो वगैरे. समोरचा माणूस 'हं', 'बरं', 'वा' असं काहीतरी म्हणत असला की आपल्याला थांबता येतं. गुरुजी काहीच म्हणेनात. त्यामुळे मी बोलतच राहिलो. शेवटी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "शांत वाटत न्हाई तुमी."

बायको हसली. तेवढ्यावर त्यांनी खोली दिली. अट एकच घातली. "संध्याकाळी पोरगीला खाली धाडायची. माझी मंडळी गेल्यापासनं हितं हुंकार द्यायला कोण न्हाई."

हुंकार म्हणजे काय ते आता सांगायला हवं. पूर्वी गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यांपैकी एकाने वाक्यावाक्याला 'हं' म्हणायचं असे. सांगणाऱ्याला कळायचं की माणूस जागा आहे. सगळीकडे हा हुंकार म्हणजे नुसता जागेपणाचा पुरावा. गुरुजींकडे मात्र तो शपथेवरचा जबाब होता. 'हं' म्हणजे ऐकलं, कळलं आणि पटलं. तिन्हींपैकी एक जरी कमी असलं तरी गप्प बसायचं. गप्प बसल्याबद्दल ते कधी कोणाला रागावले नाहीत. उलट थांबायचे, समजावायचे, पोराशी वाद घालायचे. पण खोटं 'हं' सापडलं की संपलं.

"एक होता लाकूडतोड्या."

"हं."

"औंढ्याच्या अल्याड त्याचं खोपाट."

"हं."

"खोपाट म्हंजी काय रे?"

पोरगं शेजारच्याच्या तोंडाकडे बघायचं.

"मंग हं कशापायी म्हणलास? चल, माघारी. एक होता लाकूडतोड्या."

रोज संध्याकाळी आळीतली पाच-सात पोरं ओट्यावर जमायची आणि रोज ही गोष्ट व्हायची. म्हणजे सुरू व्हायची. ती गोष्ट कोणाला माहीत नाही? गरीब लाकूडतोड्याची कुऱ्हाड डोहात पडते, देवी वर येते, सोन्याची दाखवते, चांदीची दाखवते, तो दोन्हींना 'माझी नाही' म्हणतो, लोखंडीला 'माझी' म्हणतो. खरं बोलण्याचं बक्षीस. चार मिनिटांचं काम. गुरुजींचा लाकूडतोड्या आम्ही राहायला गेल्यापासून डोहापर्यंत पोचला नव्हता. तो कधी खोपटातून निघायचा, कधी रानाच्या तोंडाशी यायचा, एकदा तर त्याने झाडावर पहिला घावही घातला. तेवढ्यात कोणाचं तरी 'हं' जांभईतून आलं आणि बिचारा कुऱ्हाड खांद्यावर टाकून पुन्हा घरी.

मी कामावरून दमून यायचो, पोटात कावळे ओरडत असायचे. जुईला बोलवायला खाली गेलो की गुरुजी म्हणायचे, "बसा की, येक हुंकार जास्ती." मी बसायचो. मनात जेवण. तोंडाने 'हं'. गुरुजी डोळे मिटून ऐकायचे आणि पिकलेला फणस ठोकून ओळखावा तसं ओळखायचे.

"तुमचं पोकळ वाजलं. माघारी."

सगळी पोरं माझ्याकडे वळून बघायची. एवढ्या नजरा मला कारखान्यातल्या साहेबांनीही कधी दिल्या नाहीत.

"गुरुजी, पोरांना प्रामाणिकपणा शिकवायचा तर गोष्ट शेवटाला तरी न्या," मी एकदा चिडून म्हणालो. "प्रामाणिकपणा शेवटाला आहे. डोहापाशी!"

"डोहापाशी कोणबी खरं बोलंल," ते म्हणाले. "तितं देवी उभी असती."

मी 'हं' म्हणालो नाही, एवढी अक्कल आली होती.

गोष्टी सांगायची खोड मलाही आहे. आमच्याकडे लग्नकार्य असलं की जेवणं झाल्यावर मंडळी माझ्याभोवती बसतात. खंडाळ्याच्या घाटात स्कूटरसमोर बिबट्या आला ती माझी ठेवणीतली गोष्ट. ती मी मोठ्या हौसेने जुईसमोर गुरुजींना सांगितली. घाट, धुकं, स्कूटरचा विझणारा दिवा, दोन पेटलेले डोळे. गुरुजींकडून एक 'हं' नाही. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये तसं झालं.

"बिबट्याच व्हता का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"होता. म्हणजे... असावा."

"शेपूट दिसलं?"

"धुकं होतं ना."

"मंग कुत्रं म्हणायचं."

तेव्हापासून आमच्या लग्नकार्यांत जुई ती गोष्ट ऐकायला बसली की मी ती सांगत नाही.

फोनवर गुरुजी म्हणजे तर परीक्षाच. पलीकडचा माणूस बोलतोय बोलतोय, इकडे मुकाट. "हॅलो? हॅलो? गुरुजी, आहात का?" "हाये." "मग बोला की काहीतरी." "पटलं की म्हणंन." त्यांच्या या सवयीमुळे एक मात्र झालं होतं. औंढ्यापासून कान्ह्यापर्यंत त्यांचे विद्यार्थी पसरलेले, आणि सगळ्यांना ठाऊक, की गुरुजी एकदा 'हं' म्हणाले की ते झालं. लग्नाच्या बोलणीला त्यांना न्यायचे. दोन्हीकडची माणसं बोलून दमायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची.

जुईच्या शाळेतल्या बाईंनी एकदा त्यांना मूल्यशिक्षणाच्या तासाला बोलावलं. मी बाईंना आडून सुचवलं होतं, की गृहस्थ थोडे वेळकाढू आहेत. बाईंना तो माझा मत्सर वाटला. सभागृहात सगळे वर्ग बसवले. गुरुजी माइकवरून म्हणाले, "एक होता लाकूडतोड्या." समोरून शाळा दणाणली, "हंऽऽऽ!"

गुरुजींनी डोळे मिटले. मग उघडले. "ह्यातले खरे किती?" म्हणाले, आणि माइक सोडून पहिल्या रांगेतल्या पहिल्या पोरापाशी जाऊन उभे राहिले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ते चौथीच्या तुकडीपर्यंत आले होते. लाकूडतोड्या घरातच होता. बाईंनी त्यांना श्रीफळ दिलं आणि पुन्हा कधी बोलावलं नाही.

शनिवार-रविवारी आमच्या रस्त्यावर धरणाला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागायची. काच खाली करून कोणीतरी विचारायचं, "अंकल, डॅम कितना दूर है?" गुरुजी ओट्यावरून उठून गाडीपाशी जायचे. "चलके जाओगे तो पास में है. गाडी से जाओगे तो अंधार होगा." गाडीवाले हसायचे, 'हां हां' म्हणायचे आणि पुढे सरकायचे. गुरुजी मागून ओरडायचे, "पटलं न्हाई तर हां कशाला म्हणता?"

अशा माणसाच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, आम्ही राहत होतो. नळाचा वायसर बदलायचा तरी परवानगी मागावी लागे आणि ती मिळत नसे. "गळतोय, हे पटलं. बदलल्यानं गळायचा थांबंल, हे न्हाई पटलं." स्कूटरला शेड बांधायची म्हटलं तर म्हणायचे, "स्कूटर भिजती तर भिजू द्या की. तुमी भिजता तवा आमी शेड बांधतो का?"

आणि मग एका पावसाळ्यानंतर चमत्कार झाला. लाकूडतोड्या डोहापाशी पोचला.

मी कामावरून आलो तर ओट्यावर देवी वर आलेली. सोन्याची कुऱ्हाड झाली, चांदीची झाली, लोखंडी झाली. गोष्ट संपली! पोरं एकमेकांकडे बघत बसली. गोष्ट संपल्यावर काय करायचं असतं ते त्यांना माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट, तीही संपली. तिसऱ्या दिवशी तिसरी. गुरुजी सपाट्याने सांगत सुटले होते. कोणाला माघारी धाडणं नाही, काही नाही.

मी खूश. वय झालं की माणूस मऊ होतो, असं मी बायकोला समजावून सांगितलं. फोनवरही ते आता 'हं, हं' म्हणू लागले होते. गाडीवाल्यांना 'हं' म्हणत होते. दूधवाल्याला 'हं' म्हणत होते. मी संधी साधली. "गुरुजी, वायसर बदलू ना?" "हं." "जिन्याला रंग काढू?" "हं." लगेच पुढचंही विचारून टाकलं, "आणि स्कूटरची शेड?" गुरुजी माझ्याकडे बघून गोड हसले. "हं."

रविवार यायच्या आत मी शेड उभी केली.

त्याच सुमारास एका संध्याकाळी जुई जिन्यात भेटली. माझ्या हातात मोबाइल. ती म्हणाली, "बाबा, आज मी मुद्दाम एकदाही हं म्हटलं नाही."

"हं."

"तरी गुरुजी पुढे सांगत राहिले."

"हं."

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग आत गेली.

पुढचा रविवार. भुशीच्या रस्त्यावर गाड्यांची नेहमीची रांग, आणि त्या रांगेतून वाट काढत एक टेंपो आमच्या दारात येऊन थांबला. पाठोपाठ मोटारीतून गुरुजींचा मुलगा उतरला. तो पुण्याला असतो, सरळ स्वभावाचा माणूस आहे. त्याच्याबरोबरच्या दोघांनी आत जाऊन गुरुजींची लोखंडी पेटी उचलली.

गुरुजी मोरीतून हात पुसत बाहेर आले. पेटीकडे बघितलं, टेंपोकडे बघितलं.

"काय रं हे?"

"बाबा, आज यायचं ठरलंय ना तुमचं. कायमचं." मुलगा जरा मोठ्याने बोलला, कारण रस्त्यावर हॉर्न चालू होते. त्यामुळे गुरुजींना ऐकू गेलं. "फोनवर दोनदा विचारलं मी. दोन्ही वेळा हं म्हणालात. म्हटलं, बाबांचं हं म्हणजे ठरलं. म्हणून तर खोली रंगवून घेतली तुमची."

गुरुजींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. गणित चुकलेलं पोर फळ्यापाशी उभं असावं तसे ते त्या दारात उभे होते.

"म्हणलो असंन," ते हळूच म्हणाले. आणि आत जाऊन अंथरुणाची वळकटी बांधायला लागले.

मला काही कळेना. या माणसाने याच ओट्यावर मला कितीदा सांगितलं होतं, की इथनं मला उचलूनच न्यायचं, चालत जायचा न्हाई. आणि आता टेंपोत बसायला निघाला? खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी आलं ते हे, की आता नवा कारभार सुरू झाला तर माझ्या शेडचं काय. मग बघितलं, वळकटीची गाठ त्यांना बांधता येत नव्हती. मी पुढे होऊन गाठ मारली. तेवढंच सुचलं.

जुई वरून धावत खाली आली. ओट्यावर चढली, गुरुजींच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. डोहातली देवी कुऱ्हाड दाखवताना गुरुजी करायचे तसेच.

"गुरुजी," ती ओरडली, अशी की रांगेतल्या गाडीवाल्यांनीही माना वळवल्या, "हे हं तुमचं का?"

गुरुजी तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"हे हं तुमचं का?" तिने पुन्हा विचारलं.

त्यांनी मुलाकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. मग वळकटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले.

"न्हाई गं बाय," ते म्हणाले. "माझं न्हाई ते."

मग हळूहळू बोलले. पावसाळ्यात कान बसले ते उघडलेच नाहीत. अगदी जवळून, मोठ्यानं बोललं तर कळायचं, बाकी नुसती गुणगुण. आधी वाटलं, होईल बरं. मग लोक विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे. "किती येळा 'काय? काय?' करणार? म्हणून हं म्हणाय लागलो. सोपं असतंय की ते. मला ठावंच न्हवतं इतकं सोपं असतंय."

"बाबा, मग सांगायचं नाही का?" मुलाचा आवाज चढला. "रंग कुठला लावू विचारलं तुम्हाला, तर तुम्ही म्हणालात हं!"

"मंग तवाच तुला कळाय नगं का, येड्या?"

मुलगा डोकं खाजवायला लागला. मला तर जिना, वायसर आणि शेड तिन्ही आठवत होती.

"पर तुला कंच्या तोंडानं सांगू?" गुरुजी म्हणाले. "पोरास्नी माघारी धाडत व्हतो मी. त्यास्नी काय सांगू, की गुरुजीच समद्यांना खोटं हं म्हणत सुटलाय? त्यापरीस पुण्याला गेलेलं बरं."

जुई त्यांच्या कानाशी वाकली आणि त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच तोऱ्यात म्हणाली, "चला, माघारी."

गुरुजी हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. मुलाने कपाळाला हात लावला, मग तोही हसला आणि पेटी उतरवायला सांगितली. रिकामा टेंपो माघारी निघाला तो धरणाच्या गर्दीत अडकला. आम्ही जेवून उठलो तरी समोरच्या वळणावर उभा होता.

पुढच्या आठवड्यात मुलाने त्यांना पुण्याला नेऊन कानाचं मशीन बसवून आणलं. इथे ही गोष्ट गोड शेवटाला लागायला हरकत नव्हती. पण मशीन लावून ओट्यावर बसल्याबसल्या गुरुजींनी मला हाक मारली.

"ती शेड कुणाला इचारून बांधली?"

"तुम्हालाच. तुम्ही हं म्हणालात."

"ते हं माझं न्हाई. काढा."

"गुरुजी, पत्रे ठोकून झालेत! आणि तुम्ही हसलात की तेव्हा!"

"म्या म्हणलं, सायेब जेवान झालं का इचारत्यात. काढा."

काढली. ज्या हातांनी बांधली त्याच हातांनी. पत्रे उतरवताना अंगठा सोलवटला. खाली ओट्यावरून आवाज येत होता, "एक होता लाकूडतोड्या... हां, थांब. तुजं पोकळ वाजलं." लाकूडतोड्या पुन्हा खोपटात. आम्ही ते घर सोडून या इमारतीत येईपर्यंत तो फार लांब गेला असेल असं मला वाटत नाही.

अंगठ्याला हळद लावून घेताना त्या दिवशी मी बायकोपाशी सगळा राग काढला. हा कसला माणूस, म्हणालो. स्वतःला ऐकू येत नाही ते लपवायचं आणि भोगायचं मी. आणि जुई! पोरीला एवढं सगळं कळलं होतं तर आधी आपल्याला सांगायला काय झालं होतं?

बायकोने पट्टी बांधली, गाठ मारली.

"तुम्हाला सांगितलं होतं तिनं. जिन्यात," ती म्हणाली. "गुरुजींच्या मुलाचा फोन आला की विचारून ठेवा, ते मशीन धडधाकट कानांना पण बसवतात का."